संग्रहालयाचे तिकीट : परवानगी ते पावती

दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांतून सहलीचे वारे वाहू लागते. येवल्यासारख्या तालुक्याच्या गावातून मुंबईची सहल काढायची म्हणजे शिक्षकांच्या खोलीत दोन-तीन आठवडे तीच चर्चा. मनमाडहून रेल्वेने जायचे की एस.टी. करायची? मुक्काम किती? वर्गणी किती ठेवायची? हे सगळे ठरले की शेवटी उरतो तो प्रश्न अगदी किरकोळ वाटतो. कोणकोणत्या संग्रहालयांची तिकिटे काढायची?

बहुधा या प्रश्नाचे उत्तर पटकन दिले जाते. ‘एवढ्या लांब जातोच आहोत तर सगळेच दाखवू.’ मग कागदावर यादी तयार होते. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, राणीच्या बागेतले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र, त्याच्याजवळचे नेहरू तारांगण. जमले तर गेटवे आणि चौपाटी.

काही वर्षांपूर्वी अशाच एका सहलीबरोबर मी गेलो होतो. एका दिवसात चार ठिकाणे झाली. परत आल्यावर मुलांना सहलीचे वर्णन लिहायला सांगितले. बहुतेकांनी समुद्र आणि लोकलची गर्दी यांवर लिहिले. एका मुलाने मात्र वहीत चारही तिकिटे चिकटवली होती आणि प्रत्येकाखाली आत गेल्याची व बाहेर आल्याची वेळ नोंदवली होती. कुठेही चाळीस मिनिटांच्या वर वेळ नव्हता. वर्णन असे काही नव्हतेच. त्या वहीने मला विचारात पाडले. त्याहून अधिक विचारात पाडले ते वर्गणी जमली नाही म्हणून मागे राहिलेल्या मुलांनी. ‘तुम्ही काय पाहिले?’ असे त्यांनी विचारले, तेव्हा आलेल्यांनाही धड सांगता येईना.

तिकीट ही वस्तू आपण किती गृहीत धरतो! पण संग्रहालयाच्या तिकिटाला सव्वातीनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो वाचला तर आपल्या यादीकडे पाहण्याची दृष्टी बदलते. कारण ‘हे संग्रहालय कोणासाठी आहे?’ या प्रश्नाचे उत्तर त्या त्या काळाने तिकिटावरच लिहून ठेवले आहे.

अर्ज करा, मग पाहा

‘तिकीट’ हा शब्द आपल्याकडे इंग्रजीतून आला आणि इंग्रजीत फ्रेंचमधून. मूळ अर्थ चिकटवलेली चिठ्ठी. शिष्टाचार या अर्थाचा ‘एटिकेट’ हा शब्दही त्याच मुळातून निघाला. संग्रहालयाच्या दाराशी हे दोन्ही अर्थ बराच काळ एकत्र नांदले. चिठ्ठी मिळायची ती ‘रीतभात असलेल्या’ माणसालाच.

युरोपातील राजेरजवाड्यांच्या आणि विद्वानांच्या घरी चमत्कारिक वस्तूंचे संग्रह असत. ते पाहायला ओळख लागे. ही चाकोरी मोडणाऱ्या पहिल्या संस्थांपैकी एक म्हणजे ऑक्सफर्डचे ॲशमोलियन संग्रहालय. ते १६८३ मध्ये उघडले, आणि तिथे पैसे देऊन कोणालाही आत जाता येई. सगळ्यांना हे आवडले असे मात्र नाही. १७१० मध्ये उफेनबाख नावाचा एक जर्मन प्रवासी तिथे आला, तो नेमका बाजाराच्या दिवशी. आत खेड्यांतून आलेल्या बायका-पुरुषांची गर्दी होती आणि ती माणसे वस्तू हाताळून पाहत होती. सहा पेन्स दिले की बायकासुद्धा आत येतात, अशी नाराजी त्याने आपल्या प्रवासवर्णनात नोंदवून ठेवली आहे. बाजारहाट करायला आलेल्या शेतकऱ्याने संग्रहालय पाहून जावे, यात आपल्याला आज आनंद वाटेल. त्या काळच्या विद्वानाला तो गोंगाट वाटला.

लंडनचे ब्रिटिश म्युझियम याच्या नेमके उलट होते. हान्स स्लोन या वैद्याचा प्रचंड संग्रह विकत घेण्यासाठी ब्रिटिश संसदेने १७५३ मध्ये कायदा केला आणि पैसे उभे केले सार्वजनिक लॉटरीतून. १५ जानेवारी १७५९ रोजी ते उघडले. प्रवेश पूर्णपणे मोफत होता, आणि जिज्ञासू व अभ्यासू अशा सर्वांसाठी तो असल्याचे जाहीर केले होते. कागदावर याहून उदार काय असणार?

पण आत जायला तिकीट लागे, आणि तिकिटासाठी अर्ज. अर्जात नाव, राहण्याचे ठिकाण आणि समाजातील दर्जा लिहायचा. तो दरवानाकडे द्यायचा. अर्ज मुख्य ग्रंथपालाकडे जायचा. त्याला योग्य वाटले तर तिकीट तयार व्हायचे, आणि ते घ्यायला पुन्हा यायचे. मग ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, लहान गटाने आत. ज्याला रोजंदारी बुडवून यावे लागे त्याने इतक्या खेपा कशा घालायच्या? पैसे लागत नव्हते, पण वेळ लागत होता आणि दर्जा लागत होता.

साहजिकच या फुकट तिकिटांचा काळाबाजार सुरू झाला. बर्मिंगहॅमचा पुस्तकविक्रेता विल्यम हटन १७८४ मध्ये लंडनला आला. संग्रहालय पाहण्याची त्याला फार हौस. कोणाकडून तरी त्याने सुमारे दोन शिलिंगांना तिकीट मिळवले. आत गेल्यावर गटाबरोबरच्या मार्गदर्शकाने सर्वांना एका दालनातून दुसऱ्या दालनात जवळजवळ पळवतच नेले. हटनने एखाद्या वस्तूबद्दल विचारले, तर प्रत्येक गोष्ट सांगत बसायला वेळ कुठे आहे, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. अर्ध्या तासात सारे आटोपले. आपण आलो तेवढेच अज्ञानी परत चाललो, असे त्याला वाटले.

हटनची ही हकीकत वाचताना मला त्या मुलाची वही आठवली. हटनजवळ तिकीट होते. त्याला मिळाला नाही तो वेळ, आणि प्रश्न विचारण्याची मोकळीक. दोनशे वर्षांनंतर आपणही आपल्या मुलांना नेमके तेच नाकारत होतो, आणि तेही त्यांचेच पैसे खर्च करून.

पुढे ब्रिटिश म्युझियममधली ही पद्धत सैल होत गेली. १८१० पासून आठवड्यातले तीन दिवस, नीटनेटक्या दिसणाऱ्या कोणालाही तिकिटाशिवाय आत जाता येऊ लागले. अर्थात ‘नीटनेटका’ कोण, हे दारावरचा माणूस ठरवणार!

दरम्यान फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली होती. १० ऑगस्ट १७९३ रोजी पॅरिसमधला लूव्र हा राजवाडा संग्रहालय म्हणून उघडला. राजाचे होते ते आता जनतेचे झाले. क्रांतीच्या नव्या पंचांगात आठवडा दहा दिवसांचा होता. त्यातले पाच दिवस चित्रकारांना नकला काढून शिकण्यासाठी, दोन झाडलोटीसाठी आणि तीन सर्वसामान्य लोकांसाठी ठेवले होते. म्हणजे पाहणाऱ्याची आणि शिकणाऱ्याची गरज वेगळी असते, आणि शिकणाऱ्याला जास्त वेळ लागतो, हे त्यांनी वेळापत्रकातच मान्य केले होते.

एक शिलिंगचा दिवस

तिकिटाच्या इतिहासातले मोठे वळण १८५१ मध्ये आले. लंडनच्या हाईड पार्कमध्ये काचेचा अजस्र महाल उभारून जगभरच्या उद्योगांचे प्रदर्शन भरवले गेले. इथे तिकिटाचे दर दिवसागणिक बदलत. सुरुवातीला एक पौंड, नंतर पाच शिलिंग. २६ मेपासून सोमवार ते गुरुवार फक्त एक शिलिंग.

एक शिलिंगच्या दिवशी गरीब लोक लोटतील, दंगेधोपे होतील, काचा फुटतील, अशी भीती अनेकांना वाटत होती. तसे काहीच घडले नाही. साडेपाच महिन्यांत सुमारे ६० लाख प्रवेश झाले, त्यांपैकी ४० लाखांहून अधिक एक शिलिंगच्या दिवसांचे. कारखान्यांतल्या कामगारांनी मंडळे काढून दर आठवड्याला थोडे थोडे पैसे साठवले आणि रेल्वेच्या सवलतीच्या गाड्यांनी ते लंडनला आले. टॉमस कुक या प्रवास-व्यवस्थापकाने दीड लाखाहून जास्त माणसे आणली. आपल्या सहलीच्या वर्गणीचे आणि सवलतीच्या भाड्याचे पूर्वज म्हणायचे ते हेच.

प्रदर्शनाला सुमारे १,८६,००० पौंड नफा झाला. त्यातून लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागात शिक्षणसंस्था आणि संग्रहालये उभी राहिली. १८५७ मध्ये उघडलेल्या तिथल्या संग्रहालयाने गॅसचे दिवे लावून संध्याकाळीही दारे उघडी ठेवली, म्हणजे दिवसभर राबणाऱ्याला कामावरून सुटल्यावर येता यावे. काही दिवस मोफत, तर काही दिवस खास विद्यार्थ्यांसाठी. त्या दिवशी गर्दी कमी राहावी म्हणून इतरांना सहा पेन्स. दर आणि वेळ यांची सांगड घालून कोणाला आत आणायचे हे ठरवता येते, हे आता स्पष्ट झाले होते.

विणकर : प्रेक्षक की प्रदर्शनातली वस्तू?

इथून आपण मुंबईला येऊ, कारण राणीच्या बागेतल्या संग्रहालयाचा उगम याच प्रदर्शनांच्या लाटेत आहे. १८५१ चे लंडनचे आणि १८५५ चे पॅरिसचे प्रदर्शन यांसाठी हिंदुस्थानातल्या मालाचे नमुने गोळा झाले होते. त्यांच्या आधाराने मुंबईच्या टाउन बराकीत एक संग्रहालय मांडण्यात आले. पण १८५७ चा उठाव झाला, बराक लष्कराला हवी झाली आणि वस्तू घाईघाईने हलवाव्या लागल्या. त्या उठावातले एक प्रमुख सेनानी तात्या टोपे हे मूळचे येवल्याचे. त्या धामधुमीची झळ मुंबईतल्या काचेच्या कपाटांनाही लागली होती, हे मुलांना सांगण्याजोगे आहे.

पुढे डॉ. जॉर्ज बर्डवुड, डॉ. भाऊ दाजी लाड, जगन्नाथ शंकरशेट अशा मंडळींनी नव्या इमारतीसाठी निधी जमवला. १८६२ मध्ये पाया घातला गेला आणि २ मे १८७२ रोजी ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम’ लोकांसाठी उघडले. १९७५ मध्ये त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव दिले गेले. निरनिराळे व्यवसाय आणि निरनिराळ्या समाजांचे पोशाख दाखवणाऱ्या तिथल्या मातीच्या बाहुल्या आजही पाहण्यासारख्या आहेत.

पण त्या बाहुल्यांसमोर उभे राहून एक प्रश्न विचारावा. हे सारे मुळात कोणी पाहावे म्हणून जमवले होते? याचे उत्तर त्याच काळातल्या दुसऱ्या एका उद्योगात सापडते. लंडनच्या इंडिया ऑफिसमधल्या जॉन फोर्ब्स वॉटसन यांनी १८६६ मध्ये हिंदुस्थानी कापडांचे ७०० नमुने कापून १८ खंडांत चिकटवले. असे २० संच केले. त्यांना ते २० ‘औद्योगिक संग्रहालये’ म्हणत. त्यांपैकी १३ संच ब्रिटनमध्ये ठेवले आणि ७ हिंदुस्थानात पाठवले. इथल्या लोकांना कसे कापड, कसे काठ, कसे रंग आवडतात हे इंग्लंडच्या गिरणीवाल्यांना कळावे आणि त्यांनी तसा माल बनवून इथे विकावा, हा हेतू उघड होता.

म्हणजे ज्याच्या हाताने ते कापड विणले, तो विणकर त्या संग्रहालयाचा प्रेक्षक नव्हता. तो विषय होता. येवल्याच्या वर्गात पैठणी विणणाऱ्या घरांतली मुले असतात. घरातल्या मागाच्या खटखटीत त्यांचे बालपण जाते. अशा मुलाने कपाटातले जुने वस्त्र पाहून ‘याचा काठ असा कसा वळवला असेल?’ असे विचारावे, तेव्हा कुठे दीडशे वर्षांपूर्वीचे ते नाते उलटे होते. आणि तो प्रश्न सुचायला त्या कपाटापुढे दहा मिनिटे उभे राहायला मिळाले पाहिजे.

दार कोणाचे?

तिकिटाची एक बाजू आपल्याकडे विशेष महत्त्वाची आहे. मुंबई कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्य मानलेल्या समाजाला खुले असावेत, असा तो ठराव. ठराव कागदावर राहिला म्हणून १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह करावा लागला. १९३० मध्ये नाशिकला काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह सुरू झाला आणि वर्षानुवर्षे चालूनही ते दार उघडले नाही. अखेर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराचा निर्धार जाहीर केला. मुक्तिभूमी आज त्याची आठवण देत उभी आहे.

संग्रहालयावरच्या लेखात हे कशाला, असे कोणी म्हणेल. पण येवल्याच्या मुलांना ‘सार्वजनिक’ या शब्दाचा अर्थ समजावून देण्यासाठी याहून जवळचे उदाहरण नाही. सार्वजनिक जागा म्हणजे जिथे तुम्ही कोण, कुठले, कोणाचे, हे दारावर विचारले जात नाही अशी जागा. १७५९ चे तिकीट ती विचारपूस करत होते. ती परवानगी होती. आजचे तिकीट नाव विचारत नाही, जात विचारत नाही, दर्जा विचारत नाही. ती केवळ पैसे भरल्याची पावती आहे. परवानगीपासून पावतीपर्यंतचा हा प्रवास लहान नाही.

मात्र पावतीलाही किंमत असते. जो पैसे भरू शकत नाही त्याला ती आजही बाहेर ठेवते, फक्त आता त्याबद्दल कोणी काही बोलत नाही. वर्गणीची यादी फळ्यावर लागते आणि काही मुले ‘मला सहलीला यायचेच नाही’ असे सांगून मोकळी होतात, तेव्हा ते दार आपल्या वर्गातच बंद झालेले असते.

याचा विचार काही संग्रहालयांनी केलेला आहे. म्युनिकचे डॉइचेस म्युझियम हे विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे मोठे संग्रहालय १९०३ मध्ये ऑस्कर फॉन मिलर यांनी स्थापन केले. लांब राहणाऱ्या विद्यार्थ्यांचा आणि कामगारांचा खरा अडसर तिकीट नसून प्रवासखर्च आहे, हे ओळखून त्यांनी पहिल्या महायुद्धाच्या आधीच प्रवासासाठी मदत देणारा निधी उभारला. आपल्याकडे कोलकात्याच्या बिर्ला औद्योगिक व तांत्रिक संग्रहालयाने १९६५ मध्ये फिरते विज्ञान प्रदर्शन सुरू करून संग्रहालयच गाडीत घालून गावोगाव नेले. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानेही २०१५ मध्ये चाकांवरचे संग्रहालय सुरू केले. ‘मुलांनी संग्रहालयाकडे जावे’ याबरोबर ‘संग्रहालयाने मुलांकडे यावे’ हेही उत्तर असू शकते.

थोडे गणित

आता पुन्हा शिक्षकांच्या खोलीत येऊ. हा सगळा इतिहास यादी करताना कसा उपयोगी पडेल?

एक सोपे गणित करून पाहू. आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. आपापल्या शाळेचे आकडे घालून ते पुन्हा करावे. समजा, एका मुलामागे प्रवास-मुक्कामाचा खर्च ६०० रुपये आणि प्रत्येक ठिकाणचे तिकीट सरासरी ६० रुपये. चार ठिकाणे घेतली तर एका मुलामागे ८४० रुपये झाले. रांगा, मोजदाद आणि मुंबईची रहदारी यांत वेळ जाऊन प्रत्येक ठिकाणी ३५ मिनिटे मिळाली, म्हणजे एकूण १४० मिनिटे. प्रत्यक्ष पाहण्याच्या एका मिनिटाला ६ रुपये पडले.

आता दोनच ठिकाणे घेऊ. खर्च ७२० रुपये. दोन वेळचा शहरातला प्रवास आणि दोन रांगा वाचल्या, तर प्रत्येक ठिकाणी दीड तास सहज मिळतो, म्हणजे १८० मिनिटे. मिनिटाला ४ रुपये. पैसे कमी लागले आणि पाहण्याचा वेळ मात्र वाढला.

पण खरा हिशेब पुढे आहे. ४० मुलांची वर्गणी ८४० रुपयांप्रमाणे ३३,६०० रुपये होते. दोनच ठिकाणे ठेवून तेवढ्याच रकमेत ७२० रुपयांप्रमाणे ४६ मुले जाऊ शकतात, आणि वर ४८० रुपये उरतात. म्हणजे दोन तिकिटे गाळली तर सहा मुले अधिक येतात. जी वर्गणी देऊ शकतात त्यांनी दिली, आणि जी देऊ शकत नाहीत ती कोणाच्या नजरेत न येता सामावली गेली. हे गणित आठवीच्या वर्गात मुलांकडूनच करून घ्यावे. सरासरी आणि शेकडेवारी शिकवायला याहून चांगले उदाहरण कुठे मिळणार?

निवड करताना

ठिकाणे दोनच ठेवायची तर कोणती? ‘इथे असे काय आहे जे शाळेत, पुस्तकात किंवा गावात पाहता येत नाही?’ हा प्रश्न प्रत्येक नावापुढे लिहावा.

नववीच्या वर्गाला प्रकाश, ध्वनी, यंत्रे शिकवायची असतील तर नेहरू विज्ञान केंद्राला तोड नाही. तिथली बालविज्ञान उद्यानातली उपकरणे १९७९ पासून मुलांच्या हाताखाली आहेत आणि मुख्य केंद्र ११ नोव्हेंबर १९८५ रोजी खुले झाले. इथे हात लावायला बंदी नाही. हात लावला तरच कळते. १७१० मधल्या त्या खेडूतांना जे करायचे होते, ते इथे रीतसर करता येते. अर्थातच इथे सर्वांत जास्त वेळ ठेवावा.

इतिहास आणि निसर्ग दोन्ही हवे असतील तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. त्याची कोनशिला ११ नोव्हेंबर १९०५ रोजी बसवली गेली. इमारत पहिल्या महायुद्धाच्या काळात लष्करी रुग्णालय म्हणून वापरली गेली आणि १० जानेवारी १९२२ रोजी संग्रहालय म्हणून उघडली. तिचे आजचे नाव १९९८ मध्ये दिले गेले. शिल्पे, चित्रे आणि प्राणीजगत अशी इथली दालने इतकी आहेत की सगळी पाहायचा हट्ट धरला तर हटनची गत होईल. आधी दोन दालने ठरवून घ्यावीत आणि बाकीची ‘पुन्हा येऊ तेव्हा’साठी ठेवावीत.

तारांगणाचे तिकीट वेगळ्या जातीचे असते. ते जागेचे नसून खेळाचे असते. नेहरू तारांगण ३ मार्च १९७७ रोजी सुरू झाले. तिथले खेळ मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा वेगवेगळ्या भाषांत, वेगवेगळ्या वेळी होतात. मराठी खेळाची वेळ न विचारता तिकिटे काढली तर मुले गार हवेत झोपून जातात आणि दोष त्यांना मिळतो!

आणि मुंबईच कशाला? सिन्नरला २००१ मध्ये सुरू झालेले गारगोटी हे खनिजांचे संग्रहालय आहे. आपल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत तयार झालेले झिओलाइटचे स्फटिक तिथे झगमगताना दिसतात. विहीर खणताना निघालेला असाच चमकता दगड येवल्याच्या कितीतरी मुलांनी शेतात पाहिलेला असतो, पण त्याचे नाव ठाऊक नसते. नाशिक-त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आणि तिचे संग्रहालय आहे. वेरूळही एका दिवसात जाऊन येण्याजोगे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातल्या अशा स्मारकांना १५ वर्षांखालील मुलांना तिकीटच लागत नाही. तेव्हा सातवी-आठवीच्या वर्गाचा खर्च तो काय एस.टी.चा, आणि शालेय सहलींना एस.टी. भाड्यात निम्मी सवलत देते. लहान इयत्तांनी जवळ जावे, मोठ्यांनी लांब जावे, अशी शाळेची पाच वर्षांची योजनाच का करू नये?

काही व्यवहाराच्या गोष्टी. साप्ताहिक सुट्टी आधी पाहावी : वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद, राणीची बाग बुधवारी बंद. दुरुस्तीसाठी एखादे दालन किंवा सारे संग्रहालयही बंद असू शकते, म्हणून आठ दिवस आधी फोन करावा. शाळांच्या गटाला बहुतेक ठिकाणी वेगळा दर असतो. त्यासाठी मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचे पत्र आणि मुलांची यादी न्यावी. छायाचित्रे काढण्याचे वेगळे शुल्क असेल तर एकाच कॅमेऱ्याचे भरावे आणि तो बारकाईने पाहणाऱ्या एखाद्या मुलीच्या किंवा मुलाच्या हाती द्यावा.

सहलीआधीच्या तासाला प्रत्येक मुलाने एकच प्रश्न लिहून आणावा, ज्याचे उत्तर तिथे शोधायचे आहे. परत आल्यावर वहीत तिकीट जरूर चिकटवावे, पण त्याखाली वेळेऐवजी तो प्रश्न आणि सापडलेले उत्तर लिहावे. उत्तर सापडले नाही तर तेही लिहावे. हटनला प्रश्न विचारू दिला नाही. आपल्या मुलांना तो घेऊनच आत पाठवू.

आणि फळ्यावर वर्गणीची यादी लावण्याआधी शिक्षकांनी एकदा ते गणित करून पाहावे. कोणती दोन तिकिटे गाळली म्हणजे वर्गातले शेवटचे मूलही गाडीत बसेल?